खुंटीखालची जागा

मी वाकलो की माझ्या खिशातलं शाईचं पेन पडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते आजवर डॉक्टरांच्या टेबलाखाली पडलं आहे, शेजाऱ्यांच्या माशांच्या पेटीत पडलं आहे आणि एकदा तर व्याह्यांच्या चहात पडलं आहे. पण हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींनी भरलेल्या धुलाईयंत्रात ते त्या दिवशी पहिल्यांदाच पडलं, आणि तेही मला न सांगता.

झालं असं, की वहिनी चष्मा घरी विसरली. माझी रजा होती, म्हणून चष्मा पोचवायला मी तिच्या धुलाई-कारखान्यात गेलो. शहरातल्या बहुतेक हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलांवरची कापडं तिथं धुतली जातात आणि माझी वहिनी तिथली मुकादम आहे. एवढं मोठं यंत्र मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचं तोंड उघडं, आत चादरींचा ढीग. माणसाला अशा वेळी डोकावून बघायचा मोह होतो. मी डोकावलो. "खोल आहे हो!" असंही म्हणालो. कुणीतरी दार लावलं, बटण दाबलं, आणि मी चहा प्यायला गेलो.

चादरी बाहेर आल्या त्या आकाशी. सगळ्या सारख्या आकाशी असत्या तर एखाद्या हॉटेलानं हौसेनं घेतल्याही असत्या. पण एक फिकी, एक गडद, आणि एकीच्या मधोमध तर कुणीतरी दौत फोडल्यासारखं.

"यंत्र भरलं कुणी?" इस्त्रीच्या रोलरवरून थोरली जाऊ ओरडली.

"भोंग्यानं. दुसरं कोण?" धाकटी जाऊ म्हणाली.

या दोघी सख्ख्या जावा. घरी एकमेकींशी बोलत नाहीत म्हणे, पण रोलरवर शेजारी उभ्या राहिल्या की दोघींना मिळून एकच तोंड असतं.

सगळ्या माना एका उंच, पिकल्या मिशांच्या माणसाकडे वळल्या. तो म्हणाला, "मी पांढरंच भरलं होतं."

"मग यंत्राची चूक असेल. नेहमीसारखी," थोरली म्हणाली, आणि सगळा कारखाना हसला.

तेवढ्यात माझा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. अशा प्रसंगी सभ्य माणसानं काय करावं, याबद्दल माझी मतं फार स्पष्ट आहेत. फक्त ती मला नेहमी घरी पोचल्यावर आठवतात. वहिनीला चष्मा दिला होताच. आता तिला सगळं नीट दिसणार, या विचारानं मी जरा घाईघाईनंच बाहेर पडलो.

आता हा भोंगा कोण, ते सांगायला हवं. त्याशिवाय वहिनी कोण, ते कळणार नाही.

भोंगा हा त्या कारखान्याचा आधीचा मुकादम. नाव त्याच्या आवाजामुळे पडलं. तो ओरडला की गल्लीच्या टोकाचा सायकलवाला आपलं काही चुकलं का, म्हणून हातातला पाना खाली ठेवत असे. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणत, पाठीमागे भोंगा. त्याला कुणाचं नाव माहीत नव्हतं. माणूस ज्या कामावर, तेच त्याचं नाव. "ए इस्त्री! ए वाळवण! ए घडी!" वहिनी घडीवर होती. आमच्या घरात दादाला ज्या बाईशी वरच्या पट्टीत बोलायची आजवर छाती झाली नाही, तिला हा माणूस दिवसभर "ए घडी!" म्हणायचा.

भोंगा काचेच्या केबिनमध्ये बसायचा. बाहेर यायचा नाही. काचेवर किल्ल्यांचा जुडगा आपटायचा, की ज्यानं त्यानं समजून घ्यायचं आपल्यालाच बोलावलंय. कामाच्या जागेत चहाच्या टेबलामागे एक लाकडी खुंटी होती. कुणी चादर करपवली, फाडली, डागाळली, की ती त्या खुंटीवर टांगायची, आणि ज्याच्या नावानं टांगली त्यानं आठवडाभर तिच्याखाली बसून डबा खायचा. हा भोंग्याचा शोध. आपल्या या शोधाचं त्याला फार कौतुक होतं. "माणूस शरमेनं सुधारतो," तो सांगायचा. त्याला स्वतःला सुधारायची वेळ आली नव्हती, एवढंच.

एके दिवशी एका मोठ्या हॉटेलची माणसं कारखाना बघायला आली. भोंगा त्यांना रोलर दाखवायला निघाला. या रोलरच्या एका टोकाला ओली चादर घालायची, दुसऱ्या टोकाला ती वाळून, इस्त्री होऊन बाहेर येते. तिथं त्या दिवशी वहिनी उभी होती. दोघी जावा पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायला गेल्या होत्या. भोंग्यानं ऐटीत लाल बटण दाबून रोलर थांबवला, चादर आतच ठेवून, आणि पाहुण्यांना यंत्राचं मोठेपण सांगत बसला. फिरता रोलर चादरीला इस्त्री करतो, थांबलेला भाजतो. वास आला. चादर ओढून काढली तर मधोमध रुंद, तपकिरी पट्टा.

पाहुण्यांनी भुवया उंचावल्या. भोंगा वहिनीकडे वळला.

"ए घडी! लक्ष कुठंय तुझं?"

वहिनी बोलली नाही. पाहुण्यांसमोर काय बोलायचं? तिला वाटलं, ते गेले की हा खरं सांगेल. ते गेले. ह्यानं चादर उचलून तिच्या नावानं खुंटीवर टांगली.

आठवडाभर वहिनीनं त्या चादरीखाली बसून डबा खाल्ला. दोघी जावा समोर बसून हसायच्या. "ताई, आज काय भाजून आणलंय?" असं रोज विचारायच्या. त्यांनी तरी काय करावं, त्यांना खरंच माहीत नव्हतं. बटणावर बोट कुणाचं होतं, ते कारखान्यात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक केबिनमध्ये होता.

दादा म्हणाला, "सोडून दे."

वहिनीनं सोडलं नाही. माझी वहिनी रागवत नाही. ती राग वाळवून, घडी करून कपाटात ठेवते. लागेल तेव्हा कडक इस्त्रीचा निघतो.

पुढं मालकीणबाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला नवा कारखाना काढला आणि भोंग्याला तिकडचा मुकादम केलं. इकडं कोण? त्यांनी वहिनीला बोलावून विचारायला सुरुवात केली, "तुला जमेल का गं, हे सगळं—" आणि वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनी हो म्हणाली.

"एवढी घाई कसली?" घरी दादानं विचारलं.

"तो जसा वागला त्याच्या बरोब्बर उलटं वागायचंय मला."

"म्हणजे काय, सूड म्हणून?"

"नाही, हौस म्हणून," वहिनी म्हणाली, आणि तिनं पातेल्यावर झाकण असं ठेवलं की शेजारचं कुत्रं भुंकलं.

लोकांना वाटतं, चांगलं पुढारपण करायला मोठं मन लागतं. मी जवळून पाहिलं आहे, लक्षात ठेवणारं मन असलं तरी भागतं. वहिनीनं पहिल्याच दिवशी काचेच्या केबिनमध्ये साबणाची पोती रचली आणि स्वतःची खुर्ची रोलरजवळ, जिथं सगळ्यात जास्त उकडतं तिथं टाकली. कारखान्यातल्या प्रत्येकाचं नाव, घरी कोण, कुणाची कंबर धरते, कुणाच्या मुलीची परीक्षा, सगळं पाठ केलं. काम सांगताना कारण सांगायला लागली. "आज टॉवेल आधी काढा. हॉटेलात फुटबॉलवाले उतरलेत, दिवसातून तीनदा अंघोळ करतात." कारण कळलं की माणसं आपणहून पळतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण कारण न कळता पळण्याचा तिला अनुभव होता.

कौतुक करायचं ते सगळ्यांदेखत. रागवायचं असेल तर बॉयलरच्या मागं नेऊन. तिथं इतका आवाज असतो की ज्याला रागवायचं त्यालाही धड ऐकू येत नाही. तरी तो सुधारून बाहेर यायचा.

तिला ओरडावंसं वाटत नसे, असं मुळीच नाही. संध्याकाळी ती भांडी घासत असली की आम्ही दादाला स्वयंपाकघराकडे फिरकू देत नसू. पण कारखान्यात आवाज चढायला लागला, की तिला आपल्या घशात तो भोंगा वाजल्याचा भास व्हायचा. "ओरडले असते तर तो जिंकला असता," ती म्हणायची, आणि पाणी प्यायची. दिवसाकाठी फार पाणी प्यायची.

काम सुधारलं. हॉटेलांच्या तक्रारी थांबल्या. मग मालकीणबाई आपल्या ओळखीच्या मुकादमांना, देखरेखीच्या बायकांना तिच्याकडे पाठवू लागल्या, शिकायला. एकदा मी तिथं असताना एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, माणसं सांभाळायची तर पहिली गोष्ट काय करावी?"

"एक वाईट साहेब गाठावा," वहिनी म्हणाली. "त्याच्या हाताखाली भरपूर सोसावं. आणि मग त्याला एक दिवसही विसरू नये."

बाई खूप हसल्या. मी हसलो नाही. मी वहिनीच्या घरात राहतो.

आणि ती खुंटी? सगळ्यांना वाटलं होतं, वहिनी ती आधी उपटेल. सुतार पकड घेऊन आलाही होता. वहिनी म्हणाली, "राहू दे. कामाची आहे." फक्त तिनं रीत बदलली. रोज सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी खुंटीपाशी जमायचं. काल ज्याच्या हातून काही बिघडलं असेल, त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं. शिक्षा नाही, टोमणा नाही. निस्तरायला हात लावायचा, एवढंच. कापड टांगायचं ते चहापर्यंत, मग त्याची पुसणी करायची. आणि मुकादमाची चूक सगळ्यात आधी. पहिल्या दिवशी वहिनीनं स्वतःची एक टेबलाची चादर टांगली. चुकीच्या हॉटेलला पाठवली होती. लोक आधी बिचकले, मग सरावले, आणि मग तर थोरली जाऊ आपली चूक अशी रंगवून सांगू लागली की धाकटीला हेवा वाटावा. लपवाछपवी संपली. करपलेली चादर घडीत दडून हॉटेलात जायची थांबली.

मालकीणबाई म्हणाल्या, "केवढा विचार केलास गं!"

केला होताच. पण कशासाठी, ते आम्हा घरच्यांनाच ठाऊक होतं. वहिनीला एकच हवं होतं: एक ना एक दिवस भोंग्यानं त्याच खुंटीखाली उभं राहावं आणि 'ती करपलेली चादर माझी होती' असं सगळ्यांसमोर सांगावं. ही सगळी जागा तिनं त्याच्यासाठी झाडून ठेवली होती.

आणि तो आला. नव्या कारखान्यातली माणसं त्याच्या आवाजाला कंटाळून एकेक करत सोडून गेली, शेवटी यंत्रं आणि भोंगा उरले, आणि मालकीणबाईंनी दार बंद केलं. त्या वहिनीला म्हणाल्या, "जुना माणूस आहे. साधा कामगार म्हणून कुठं लावता आला तर बघ. नको असेल तर तसं सांग, मी समजेन."

"पाठवा की," वहिनी म्हणाली. इतकं गोड हसू मी तिच्या चेहऱ्यावर तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

तिनं त्याचे हाल केले असते तर त्याला सोपं गेलं असतं. त्याला हाल करणारा साहेब ओळखीचा होता. वहिनीनं त्याला धुलाईयंत्रावर लावलं आणि पहिल्या दिवसापासून 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. "साहेब, चहा घेतलात?" "साहेब, तुम्ही जुने जाणते, या डागाला काय करावं?" त्यानं काही धड केलं की सगळ्यांदेखत, मोठ्यानं, "साहेब, आभारी आहे." बिचाऱ्याचे कान लाल व्हायचे. एकदा त्यानं साबण एवढा घातला की फेस दारातून रस्त्यावर गेला. सकाळी खुंटीपाशी तो म्हणाला, "साबण खराब होता."

"बरं झालं सांगितलंत," वहिनी म्हणाली. "साबणाशी बोलते मी."

रोज सकाळी सगळे आपापली चूक सांगायचे, हसायचे, कामाला लागायचे. हा एकटा हाताची घडी घालून, नजर खुंटीच्या वर कुठंतरी भिंतीवर. कधी यंत्राची चूक, कधी पाण्याची, कधी हवेची. वहिनी मान डोलवायची आणि वाट बघायची. घरी येऊन सांगायची, "आज ओठ हलले होते. अजून थोडं."

आणि अशात मी पेन पाडलं.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनी मला म्हणाली, "भावजी, उद्या सकाळी चला माझ्याबरोबर."

"का गं?"

"चष्मा विसरेन म्हणून."

"पण तो तर तुझ्या नाकावर आहे."

"म्हणून तर सगळं दिसतंय," वहिनी म्हणाली, आणि मला आणखी वाढलं.

सकाळी खुंटीपाशी सगळे जमले. खुंटीवर दौत फोडलेली ती चादर. वहिनीनं आधी स्वतःची काहीतरी बारीक चूक सांगितली. मग विचारलं, "ही कुणाची?"

थोरली जाऊ म्हणाली, "विचारायचं काय त्यात? यंत्र कुणी भरलं?"

"साहेबांना आठवत नसेल, आपण आठवण करून देऊ," धाकटी म्हणाली.

"माझी नाही," भोंगा म्हणाला. आवाज खोल गेलेला. रात्रभर झोपला नसावा. एका बाजूची मिशी झोपली होती, दुसरी जागी होती. "खरंच सांगतो, माझी नाही ती."

"मग टांगली कशी गेली इथं?" कुणीतरी म्हणालं, आणि परत हशा.

त्यानं वहिनीकडे पाहिलं. तिनं एक शब्द बोलायचा, की त्याच्या नावावर चादर जमा झाली असती. तसंच कापड, तीच खुंटी, तेच हसणारे लोक. एवढं बेतल्यासारखं वहिनीला स्वतःलाही जमलं नसतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती बोलली नाही. पण गप्पही अशी राहिली, की मला वाटलं आता इथंच दुपार होते. भोंग्याच्या कपाळावर घाम आला. वहिनी त्या घामाकडे, कढईत दूध तापतंय का बघावं तशी, शांतपणे बघत होती.

मग तिनं ॲप्रनच्या खिशात हात घातला आणि नजर माझ्याकडे वळवली. खिशातून हळूच एक निळं टोक वर आलं.

"माझी," मी म्हणालो. "म्हणजे, माझ्या पेनाची. म्हणजे, माझीच."

"आभारी आहे, भावजी," वहिनी म्हणाली, सगळ्यांदेखत. तेव्हा मला कळलं की भोंग्याचे कान लाल का व्हायचे.

नंतर चादरी परत भिजवताना (निस्तरायला हात लावायची रीत मलाही लागू होती) मी हळूच विचारलं, "पेन कधी सापडलं तुला?"

"काल. तुम्ही बाहेर पडलात, तेव्हाच."

"म्हणजे तुला माहीत होतं? आणि तो बिचारा एक सबंध रात्र..."

"मला एक सबंध आठवडा," वहिनी म्हणाली, आणि तिनं चादर पिळली. पिळताना तिचा जो चेहरा होता, तो बघून मी पुढचं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही मी गेलो, कारण शाई काही सुटत नव्हती. सकाळी खुंटी रिकामी होती. कुणाचीच चूक नव्हती. रोलरवरची जोडीही त्या दिवशी दुसरीच होती. सगळे पांगणार, तेवढ्यात भोंगा पुढं आला. खुंटीखाली उभा राहिला. वर कापड नव्हतं, तरी त्यानं मान जरा वाकवली, काहीतरी लोंबतंय आणि डोक्याला लागेल, अशी.

"ती चादर," तो पुटपुटला. "रोलरवरची. फार जुनी गोष्ट आहे."

"साहेब, मागं ऐकू येत नाही," वहिनी म्हणाली.

ज्याचा आवाज ऐकून गल्लीच्या टोकाचा सायकलवाला पाना खाली ठेवायचा, त्या माणसाला मोठ्यानं बोलायला घसा साफ करावा लागला.

"पाहुणे आले होते तेव्हाची. रोलर मी थांबवला होता. ताईंच्या नावानं टांगली, पण चूक माझी होती."

मग वाळवणीवरचा गडी, जो महिन्यातून एखादं वाक्य बोलतो, त्यानं या महिन्याचं वाक्य खर्च केलं. "मला तेव्हाच वाटलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलंत, बरं झालं. आभारी आहे, साहेब," वहिनी म्हणाली. आवाज नेहमीसारखा. हात मात्र नेहमीसारखे नव्हते; ॲप्रनची नाडी तिनं उगाचच सोडली आणि परत बांधली. "चला, यंत्रं सुरू करा."

भोंगा धुलाईयंत्राकडे गेला. चालीत कधी नव्हे तो मोकळेपणा होता. जाताना त्यानं वाळवणवाल्याला चक्क नावानं हाक मारली. नाव चुकलं, पण हाक मारली.

माझे डोळे ओलावले. मी असा मऊ माणूस आहे. एवढी वर्षं मनात धरलेली गोष्ट, इतक्या शांतपणे संपली. माणसाला मोडून नव्हे, तर त्याला खरं बोलण्याइतकी जागा करून देऊन! यावर एक छानसा लेख लिहावा, शेवटी क्षमेबद्दल दोन शब्द टाकावेत, असं माझ्या मनात घोळू लागलं. पेन नव्हतं, म्हणून थांबलो.

दुपारी वहिनी आणि मी एका मोठ्या चादरीची घडी घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. घडी घालताना समोरासमोर चालत यावं लागतं. तशी ती जवळ आली, तेव्हा मी हळूच म्हणालो, "वहिनी, संपलं ना आता सगळं? झालं ना मन शांत?"

तिनं माझ्या हातातली टोकं काढून घेतली, घडीवर एक सणसणीत थाप मारली आणि म्हणाली,

"छे हो, दोघी जावा आज रजेवर आहेत, उद्या परत सांगायला लावते त्याला."